कवचाच्या आत कोण आणि बाहेर कोण?

आपल्या जिवाचे रक्षण करणे योग्य आहे काय, असे कोणी विचारिले तर बहुतेक माणसे विलंब न लाविता "योग्य आहे" असे उत्तर देतील. परंतु रक्षणाकरिता जे साधन आपण धारण करितो त्या साधनामुळे आपल्या शेजाऱ्याचे काय होते, हा दुसरा प्रश्न आहे, आणि तो पहिल्याइतका सोपा नाही. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज आपण एका वस्तूच्या आधारे करू. ती वस्तू म्हणजे सुरुंगाच्या स्फोटास तोंड देणारी पोलादी लष्करी गाडी होय.

हा विषय खेड्यातील वाचकांस दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत आसपासच्या गावचे पुष्कळ तरुण रोज लोखंडाशी झुंजून आपली भाकरी मिळवितात. ज्या शहराला हे गाव लागून आहे, त्या अहमदनगरात (सन २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे) १९४८ पासून भारतीय सेनेच्या रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र आहे. १९९४ साली तेथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले, आणि शाळेतील मुले ते पाहावयास जातात. त्याच शहराजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. ह्या संस्थेने टाटांच्या कंपनीच्या साह्याने आठ चाकांची, जमिनीवर व पाण्यातही चालणारी चिलखती गाडी सिद्ध केली आहे. तेव्हा ज्यांच्या भावाने किंवा पुतण्याने अशा कामात हातभार लाविला असेल, अशी कुटुंबे ह्या भागात असणे स्वाभाविक आहे. हे काम चांगले की वाईट, हा प्रश्न त्यांच्या घरचाच आहे.

प्रथम ती गाडी कशी असते ते समजून घेऊ. सुरुंग जमिनीखाली फुटला म्हणजे त्याचा जोर खालून वर येतो. साध्या मोटारीचे किंवा मालट्रकचे बूड सपाट असते, म्हणून तो सगळा जोर बुडाला भिडतो, पत्रा फाटतो आणि आतील माणसे ठार होतात. सुरुंगास तोंड देणाऱ्या गाडीचे बूड होडीच्या बुडासारखे मधोमध टोकदार व दोन्ही बाजूंस वर उतरत गेलेले असते. आपल्याकडील धाब्याच्या घरावर पावसाचे पाणी साचते, परंतु दोन पाख्यांच्या घरावरून ते निथळून जाते, हे आपण दरवर्षी पाहतो. तेच घर उलटे करून पाहिले म्हणजे ह्या गाडीचे मर्म कळेल. स्फोटाचा जोर तिच्या तिरप्या बाजूंवरून दोहोंकडे निसटून जातो. शिवाय ती जमिनीपासून पुष्कळ उंच असते, आणि आतील आसने तळास न खिळविता बाजूंस किंवा छतास टांगलेली असतात, जेणेकरून तळास बसलेला हादरा माणसाच्या पाठीच्या कण्यास पोहोचू नये. चाक उडून गेले तरी चालते, कारण चाक नवे बसविता येते.

सुरुंग आणि चिलखत ह्यांची ही गाठ आपल्या जिल्ह्यास नवी नाही. १५९५ साली अकबर बादशहाच्या फौजेने शाहजादा मुराद ह्याच्या हाताखाली अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा घातला, आणि तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरली. आतील लोकांस ह्याची खबर लागली व त्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. पण १५९६ च्या फेब्रुवारीत एक सुरुंग उडालाच आणि तटास मोठे खिंडार पडले. लोक पळू लागले असता चांदबिबी अंगात चिलखत घालून व हाती तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली, आणि रात्रीच्या रात्री खिंडार बुजवून घेतले, असे इतिहासकारांनी लिहून ठेविले आहे. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चांदबिबीचे चिलखत तिला लोकांपासून दूर नेणारे नव्हते. जेथे लोकांस सर्वांत अधिक धोका होता तेथे जाऊन उभे राहता यावे म्हणून ते होते. ह्या भेदाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

आता प्रश्नाच्या पहिल्या बाजूचा विचार करू. काही सज्जन माणसे म्हणतात की लष्करी वस्तू म्हटली की ती वाईटच, मग ती तोफ असो की ढाल. हे म्हणणे ऐकावयास थोर वाटते, परंतु ज्यांचा मुलगा पोलिसात आहे त्या आईसमोर ते म्हणून पाहावे. आपल्याच राज्यातील गडचिरोली जिल्ह्यात २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यातील पुस्टोला गावाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस सुरुंगाने उडविण्यात आली व १२ जवान मरण पावले. पुढे २०१९ साली, महाराष्ट्र दिनाच्या पहाटे, कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरील दोन डझनांहून अधिक वाहने माओवाद्यांनी जाळली. त्या ठिकाणी जाण्याकरिता पोलिसांचे एक पथक खाजगी गाडीतून निघाले. जांभुळखेडा गावाजवळ त्या गाडीखाली सुरुंग उडाला, आणि १५ पोलीस व गाडीचा चालक असे सोळा जण जागच्या जागी गेले. साध्या पत्र्याच्या त्या गाडीत बसलेल्यांस कसलेच कवच नव्हते. ज्यांस आपण जोखमीच्या कामावर पाठवितो त्यांच्या जिवाची काळजी घेणे हे पाठविणाऱ्याचे ऋण आहे. ते ऋण न फेडता केवळ त्यांच्या मरणानंतर हार घालणे हे अर्धवट कर्तव्य होय.

शिवाय सुरुंग आणि चिलखत ह्यांस एकाच तराजूत घालणे न्यायाचे नाही. बंदूक धरणारा निदान समोर कोण आहे हे पाहतो. सुरुंग काहीच पाहत नाही. तो पुरणारा निघून जातो आणि सुरुंग वाट पाहत राहतो. त्यावर शिपायाचा बूट पडला काय, लाकडे आणणाऱ्या बाईचा पाय पडला काय, किंवा शाळेस जाणारे मूल चालले काय, त्यास सारखेच. अशा आंधळ्या मरणाविरुद्ध जगातील पुष्कळ राष्ट्रांनी १९९७ साली माणसे मारणाऱ्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार केला, आणि त्या कामासाठी झटणाऱ्या मोहिमेस व तिच्या नेत्या जोडी विल्यम्स ह्यांस त्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. २००१ व २००२ साली पाकिस्तानाशी युद्धाचा प्रसंग आला असता आपल्याच सेनेने पंजाब व राजस्थान ह्यांच्या सीमेवरील शेतांत सुरुंग पेरले, आणि त्यांमुळे आपलेच शेतकरी व त्यांची गुरे जखमी झाली. म्हणून सुरुंगाचे पाप केवळ बंडखोरांच्या माथी मारून आपणास मोकळे होता येत नाही. तथापि हे खरेच की सुरुंग जीव घेण्याकरिता केलेला असतो आणि चिलखत जीव राखण्याकरिता. ज्या तरुणाच्या हातून अशा गाडीचा एक सांधा पक्का जोडला गेला, त्याने लाज धरण्याचे कारण नाही.

येथेच विचार थांबविता आला असता तर बरे झाले असते. परंतु ह्या गाडीच्या जन्माची हकिकत आपणास पुढे नेते. सुरुंगास तोंड देणाऱ्या गाड्यांचा शोध मुख्यतः आफ्रिकेच्या दक्षिण भागात, १९७० नंतरच्या दशकात लागला. तेव्हाच्या ऱ्होडेशियात व दक्षिण आफ्रिकेत मूठभर गोऱ्या लोकांचे राज्य होते, आणि त्याविरुद्ध लढणारे काळे लोक रस्त्यांत सुरुंग पुरीत. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या सुमारास 'कॅस्पिर' नावाची गाडी सिद्ध झाली. तेथील पोलीस दल व शास्त्रीय संशोधन मंडळ ह्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची सरमिसळ करून हे नाव बनविले होते. ही गाडी सुरुंगापासून आपल्या माणसांस खरोखरच वाचवी. पण पुढे त्याच दशकात ही उंच, पोलादी गाडी काळ्या लोकांच्या वस्त्यांतून फिरू लागली. तेथे गल्लीबोळांत सुरुंग नव्हते. तेथे मुले होती, आया होत्या, अन्यायाच्या कायद्याविरुद्ध ओरडणारे तरुण होते, आणि पुष्कळांच्या हाती दगडांपलीकडे काही नव्हते. गाडी तीच, पोलाद तेच, तिरपे बूडही तेच, परंतु जे कवच रस्त्यावर प्राण राखीत होते तेच वस्तीत अन्यायाचे आसन झाले. जो आत बसला होता त्यास बाहेरच्या माणसाचा चेहरा जाड काचेच्या फटीतूनच दिसत होता, आणि ज्याचा चेहरा नीट दिसत नाही त्यावर हात उगारणे सोपे जाते.

असेच दुसरे उदाहरण अमेरिकेतून घेता येईल. इराकच्या युद्धात रस्त्यालगत पुरलेल्या स्फोटकांनी शिपाई मरू लागले, तेव्हा २००७ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स ह्यांनी अशा गाड्या करण्याच्या कामास सर्वांत पुढचे स्थान दिले. अल्पकाळात हजारो गाड्या तयार झाल्या व त्यांमुळे असंख्य शिपायांचे प्राण वाचले. ह्यात दोष काढण्यासारखे काही नाही. परंतु युद्ध ओसरल्यावर उरलेल्या गाड्यांपैकी कित्येक तेथील गावोगावच्या पोलिसांस देण्यात आल्या. २०१४ साली फर्ग्युसन ह्या गावी एका निःशस्त्र काळ्या तरुणास पोलिसाने गोळी घालून ठार केले व लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यासमोर पोलिसांच्या चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. आपल्याच गावच्या रस्त्यावर आपल्याच पोलिसांनी आपणाकडे शत्रूप्रमाणे पाहावे, हे कसे, असा प्रश्न सर्व देशात विचारला गेला. वस्तूचे जे योग्य स्थान आहे तेथून ती हलविली म्हणजे तिचा गुणही बदलतो. विळा शेतात असता अन्न देतो, आणि घरातील भांडणात हाती आला तर घात करितो.

तिसरी गोष्ट अशी की कवचावर विसंबून राहणाऱ्याची फसगत होते. कॅस्पिरच्या धर्तीवर आपल्या देशातही मेडक येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यात 'आदित्य' नावाची गाडी तयार होऊ लागली, आणि अशा गाड्या माओवाद्यांचा उपद्रव असलेल्या प्रदेशांत पोलिसांस मिळाल्या. मग काय घडले? सुरुंग लावणाऱ्यांनी दारूचे माप वाढविले. सप्टेंबर २००५ मध्ये छत्तीसगडात विजापूरजवळ अशी एक गाडी उडविण्यात आली व २४ जण मरण पावले. मार्च २०१८ मध्ये सुकमा जिल्ह्यात किस्ताराम येथे तशाच गाडीतील ९ जवान गेले. गाडी जड, म्हणून तिला बांधलेला रस्ताच हवा, आणि बांधलेल्या रस्त्याखालची मोरी शत्रूस ठाऊक असते. ह्याच कारणाने अशा प्रदेशांत पुष्कळ वेळा गाडी सोडून, वाट तपाशीत, पायी चालणेच अधिक सुरक्षित ठरले आहे. भिंत जितकी जाड तितका घण मोठा, हा नियम तटाच्या काळापासून चालत आला आहे. चांदबिबीने बुजविलेला तोच किल्ला चार वर्षांनी, १६०० साली, मोगलांच्या हाती गेला, कारण तटाच्या आतील लोकांतच दुही माजली होती, आणि खुद्द चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. तट बाहेरचा सुरुंग अडवू शकतो, मनातील अविश्वास अडवू शकत नाही.

आता आपण मूळ प्रश्नापाशी येऊ. कवच चांगले की वाईट हे त्याच्या पोलादावरून ठरत नाही. ते तीन गोष्टींवरून ठरते असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, ते घालून माणूस जातो कोठे. चांदबिबीप्रमाणे खिंडारात उभे राहण्यास जातो, की इतरांस खिंडारात सोडून आपण मागे राहतो? संयुक्त राष्ट्रांच्या वतीने परदेशी शांतता राखावयास जाणाऱ्या भारतीय सैनिकांकरिता अशा गाड्या हव्यात, कारण लढणाऱ्या दोन पक्षांच्या मध्ये जाऊन उभे राहणे हेच त्यांचे काम आहे. पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीने 'कल्याणी एम-४' नावाची गाडी सिद्ध केली असून २०२१ साली भारतीय सेनेने तिची मागणी नोंदविली. अशा गाडीत बसून कोणी दोन वैऱ्यांच्या मध्ये जात असेल तर त्याचे कवच धन्य होय.

दुसरी गोष्ट, कवचाच्या बाहेर कोण राहिले. जांभुळखेड्यास मेलेल्या सोळाव्या माणसाची आठवण येथे करावी. तो शिपाई नव्हता. तो गाडी चालवून पोट भरणारा मनुष्य होता. पोलिसांस चिलखती गाडी मिळाली पाहिजे हे आपण म्हणतो, परंतु त्याच रस्त्यावरून बाजारास जाणारी एस. टी., बाळंतिणीस दवाखान्यात नेणारी बैलगाडी आणि मोहाची फुले वेचावयास निघालेली बाई ह्यांस कोणती गाडी मिळणार? सर्वांस पोलादात बसविता येणार नाही. म्हणून ज्या सरकारने आपल्या माणसांस कवच दिले त्याने उरलेल्यांकरिता रस्ता निर्धोक करण्याचे ओझे आपल्या शिरावर घेतले, असे समजले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातही ह्याचे उदाहरण आहे. अहिल्यानगर, पारनेर व राहुरी तालुक्यांच्या हद्दीवर के. के. रेंज ह्या नावाचे सेनेच्या गोळाबारीच्या सरावाचे मैदान आहे. रणगाड्याच्या आत बसून सराव करणारा शिपाई सुरक्षित असतो, परंतु न फुटलेला गोळा भंगार म्हणून विकावा ह्या आशेने उचलणाऱ्या गरिबांनी जीव किंवा हातपाय गमाविल्याच्या गोष्टी ह्या भागास अपरिचित नाहीत. लोखंडाच्या चार पैशांकरिता मृत्यू हाताळावा लागतो, ह्यात अविचार आहे खरा, परंतु त्या अविचाराच्या मुळाशी भूक आहे. आपल्या ओळखीच्या कोणाच्या घरी असा गोळा असेल तर त्यास हात न लाविता तत्काळ पोलीस पाटलास कळवावे, आणि मुलांस ह्याविषयी वारंवार बजावावे. गावच्या वडील माणसांचे व उपदेशकांचे हे प्रत्यक्ष कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट, कवच काढून ठेवण्याची इच्छा आहे की नाही. जो शिपाई घरी आला म्हणजे चिलखत खुंटीस टांगून लेकरास उचलून घेतो तो निरोगी मनुष्य होय. जो घरातही ते काढीत नाही तो आजारी आहे. राष्ट्राचेही तसेच. संकटाच्या दिवसांत घेतलेले कवच शांततेच्या दिवसांतही अंगावर ठेविले, आणि आपल्याच प्रजेपुढे ते घालून फिरू लागले, तर रोग जडला असे समजावे.

कोणी म्हणेल, "आम्ही हातावर पोट भरणारे. गाडी कोठे पाठवावी हे आम्हांस कोण विचारतो?" हे खरे, आणि म्हणूनच सांधा जोडणाऱ्या कामगारावर गाडीच्या साऱ्या भविष्याचा भार टाकणे अन्यायाचे होईल. त्याचे पहिले कर्तव्य म्हणजे आपले काम चोख करणे होय. त्याने आळसाने एक सांधा कच्चा ठेविला तर दूर कोठे तरी एका आईचा मुलगा त्या फटीतून जाईल, आणि ते त्यास कधी कळणारही नाही. परंतु तो केवळ कामगार नाही, तो नागरिकही आहे. ह्या देशात त्यास मत आहे, वर्तमानपत्र वाचण्याची व बोलण्याची मोकळीक आहे. आपण केलेली वस्तू कोठे जाते, कोणासमोर उभी राहते, हे विचारण्याचा त्यास अधिकार आहे, आणि जो अधिकार वापरीत नाही त्याचा तो हळूहळू लोपतो.

शिवाय कवच केवळ पोलादाचे नसते. पैशाचे, पदाचे, शिक्षणाचे, जातीच्या अभिमानाचे कवच आपल्या प्रत्येक गावात आहे. तालुक्याच्या कचेरीत म्हातारी उन्हात उभी असता आत पंख्याखाली बसून "उद्या या" म्हणणारा माणूस एका फटीतूनच तिला पाहत असतो. सावकाराच्या दाराशी उभे राहण्याचे दुःख ज्याने स्वतः भोगिले, तोच चार पैसे मिळाल्यावर दुसऱ्यास दाराशी उभे करितो. ह्या कवचांनी आपले रक्षण होते हे खरे, परंतु शेजाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो हेही तितकेच खरे. लष्करी गाडीच्या बाबतीत आपला अधिकार थोडा आहे, पण ह्या दुसऱ्या कवचांच्या बाबतीत आपणच त्यांचे कारागीर, आपणच त्यांचे चालक आहोत.

शेवटी एक आशेची गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. ज्या गडचिरोलीत इतके सुरुंग उडाले, त्याच गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा एक अतिवरिष्ठ पुढारी, मल्लोजुला वेणुगोपाल राव, सुमारे साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवून सरकारच्या स्वाधीन झाला. ह्या एका दिवसाने तेथील सर्व दुःख संपले असे कोणी समजू नये. ज्या दारिद्र्यातून व अन्यायातून लोक रानात गेले त्याचे निवारण अजून व्हावयाचे आहे, आणि ते न झाले तर जमिनीखाली पुन्हा काही पुरले जाईल. परंतु इतके खास की समोरासमोर येऊन शस्त्र खाली ठेविणाऱ्या एका मनुष्याने जितके रस्ते निर्धोक होतात, तितके शंभर पोलादी गाड्यांनी होत नाहीत. गाड्या कराव्यात, चांगल्या कराव्यात, आणि ज्यांस जोखमीत जावे लागते त्यांस त्या द्याव्यात. पण त्यांची गरज उरू नये म्हणून जे काम करावयाचे ते कोणत्याही कारखान्यात होत नाही. ते गावोगाव, शेजाऱ्याशेजाऱ्यांत, न्यायाने वागण्यानेच होते, आणि त्या कामास आपणांपैकी कोणीही लहान नाही.